आमच्या विभागाचं नॉर्मल

आमच्या विभागात रक्ताचं प्रात्यक्षिक असलं की रक्त सरांचंच असायचं. एखाद्या मुलानं उत्साहानं स्वतःचं बोट पुढे केलं तर सर म्हणायचे, "ठेवा तुमचं तुमच्याकडे. हॉस्टेलच्या डाळीवर वाढलेलं रक्त ते, त्याचा काय भरवसा?" मग स्वतःच डाव्या हाताच्या बोटाला स्पिरिटचा बोळा लावायचे, सुई टोचायचे आणि बोट दाबून धरून बाकांमधून फिरायचे. देवळात तीर्थ देतात तसा प्रत्येकाच्या स्लाइडवर एकेक थेंब. मागच्या बाकापर्यंत थेंब पुरला नाही तर त्यांचंच शेजारचं बोट.

हे किती वर्षं चाललं होतं कुणास ठाऊक. भिंतीवर 'निरोगी माणसाचे रक्त' असा एक मोठा तक्ता होता. त्यातले सगळे आकडे जुन्या मुलांनी सरांच्याच रक्तावरून काढलेले होते. आमच्या जर्नलमध्येही 'नॉर्मल' या शब्दाखाली जो आकडा यायचा तो सरांचा. यात काही वावगं आहे असं कुणाला वाटत नव्हतं. मला तर नाहीच. मी शेवगावची, घरातली कॉलेजात गेलेली पहिली. अब्बा कापूस पिंजून गाद्या भरायचे. नगरच्या कॉलेजात एम.एस्सी.ला आल्यावर तिथं जे जे दिसलं ते सगळीकडे असंच असणार, असं मी धरून चालले होते.

सर कुणाला नावानं हाक मारत नसत, गावानं मारत. मी 'शेवगाव'. माझ्यासारखाच सरांकडे प्रकल्प करणारा मुलगा 'संगमनेर'. "शेवगाव, तुमचा मायक्रोस्कोप उजेडाकडे पाठ करून बसलाय. रुसलाय का?" असं ते भर वर्गात विचारायचे. मला उत्तर सुचायचं ते संध्याकाळी.

त्यांच्याबद्दल जी गोष्ट सगळ्या कॉलेजात सांगितली जायची ती इनक्युबेटरची. पांढऱ्या पेशी काचेवर जिवंत ठेवायच्या तर अंगाइतकी ऊब लागते. विभागात त्यासाठी इनक्युबेटर होता, पण नगरची लाईट कधी जाईल याचा नेम नसायचा. लाईट गेली की सर स्लाइड काढायचे, तंबाखूच्या एका चपट्या स्टीलच्या डबीत ओल्या कापसावर ठेवायचे आणि ती डबी शर्टाच्या आत डाव्या काखेत धरायचे. तास तसाच पुढे चालू. डावा हात अंगाला चिकटलेला, उजव्या हातात खडू. एकदा डबी काखेत विसरून ते प्राचार्यांच्या मीटिंगला गेले. तिथं कशाला तरी मत द्यायची वेळ आली आणि सरांनी नेमका डावा हात वर केला. डबी टेबलावर पडली. प्राचार्य म्हणाले, "सर, तंबाखू बाहेर." सर म्हणाले, "तंबाखू नाही साहेब, मी आहे."

तंबाखू ते खात नव्हते. चहा मात्र फार प्यायचे. मी पहिल्या वर्षाला असताना रमजान आला तेव्हा मी रोजे धरले होते. तो महिनाभर सर चहाचा कप घेऊन पाण्याच्या टाकीमागे जायचे आणि तिथं उभ्यानं पिऊन यायचे. एके दिवशी दुपारी मला म्हणाले, "शेवगाव, रोजा तुमचा आहे. तुमच्या पेशींचा नाही. त्या आत्ता या घटकेला साखर जाळताहेत. कोण देतंय त्यांना?" मी म्हटलं, "यकृत, सर." "त्याला कुणी सांगितलं द्यायला?" ते म्हणाले, "हा प्रश्न रोजा सुटेपर्यंत चावत बसा. त्यानं रोजा मोडत नाही."

सरांचं सगळं शिकवणं या दोन प्रश्नांवर चालायचं. निरोप कुणी दिला? आणि सरपण कुठून आलं? पुस्तकात शरीराच्या ऊर्जेचं प्रकरण सुरुवातीला होतं आणि पेशींना संकेत कसे मिळतात त्याचं प्रकरण अगदी शेवटी. दोन्ही वेगवेगळ्या सत्रात आणि वेगवेगळ्या प्राध्यापकांनी शिकवायची. सरांना याचा संताप होता. "पुस्तकवाल्यांनी सख्ख्या बहिणी दोन टोकांच्या गावात दिल्यात," असं म्हणायचे. त्यांनी स्वतःच्या पुस्तकातून ती दोन्ही प्रकरणं फाडून काढली आणि गेटबाहेर चपला शिवायला बसणाऱ्या काकांकडून जाड दोऱ्यानं एकात एक शिवून घेतली. वर्गात ते तेवढीच शिवलेली जुडी आणायचे. उरलेल्या पुस्तकाचं काय केलं, माहीत नाही.

आणखी एक. पांढऱ्या पेशींना सैनिक म्हटलेलं त्यांना चालत नसे. संगमनेरनं एकदा उत्तरात लिहिलं, 'या पेशी शत्रूवर हल्ला करतात.' सरांनी वर्गात त्याला उभं केलं.

"कुठल्या सरहद्दीवर?"

"नाही सर, म्हणजे रोगजंतूंवर."

"हल्ला कशानं करतात? तलवारीनं?"

संगमनेर म्हणाला, "सर, पुस्तकात तसंच दिलंय."

"पुस्तकात दिलंय म्हणून पोटात गेलं का? अहो, ती पेशी रक्तातून निवांत वाहत चाललेली असते. खाणं अगदी थोडं. जंतूचा तुकडा तिच्या अंगाला लागला की बाहेरचा निरोप आत जातो. आत कॅल्शियम वाढतं, एकानं दुसऱ्याला सांगायचं, दुसऱ्यानं तिसऱ्याला. आणि क्षणात ती एवढी साखर ओढायला लागते, एवढा प्राणवायू ओढते की बघत राहावं. आधी लोकांना वाटलं, दमली असेल म्हणून श्वास घेतेय. तसं नाही. त्या प्राणवायूचं ती जहाल काहीतरी करते आणि जंतूवर ओतते. ते करायला साखर जाळावी लागते, तीही आडवाटेनं. हा स्वयंपाक आहे. युद्ध म्हटलं की तुम्ही चूल विसरता."

हे बोलणं मला एकदम समजलं, असं म्हणणं खोटं होईल. पण चूल म्हटल्यावर माझी भीती थोडी कमी झाली.

ती चूल कुठून आली ते मला केडगावात कळलं. सर केडगावला राहायचे, मोठ्या बहिणीबरोबर. लग्न केलेलं नव्हतं. प्रकल्पाचे विद्यार्थी एखाद्या रविवारी त्यांच्याकडे जेवायला जात, तसे मी आणि संगमनेर गेलो. अक्का उंच, सडपातळ, मोठ्या आवाजाच्या. तरुणपणी गावोगावच्या लग्नात स्वयंपाकाला जायच्या. आम्ही फाटकातून आत आलो तर त्यांनी 'या' म्हटलं नाही. आधी वाकून चुलीत लाकूड सारलं, मग वळून म्हणाल्या, "या रं लेकरांनो." सर माझ्याकडे बघून हसले. "बघितलंत? पाहुणे दिसले की हिचा हात आधी चुलीकडे जातो. निरोप आणि सरपण एकाच हातात. माझा सगळा सिलॅबस आहे हा."

"सिलॅबस घाल चुलीत," अक्का म्हणाल्या. "आदी पोरांना पानी दे."

जेवण झाल्यावर सर संगमनेरला घेऊन विहीर दाखवायला गेले. मी भांडी उचलू लागले तेव्हा अक्कांनी माझा हात धरून खाली बसवलं. "त्याला साखर हाय, ठावं हाय का तुला?"

मला ठाऊक नव्हतं.

"बाबालाबी हुती. आदी अंगठा काळा पडला. मंग घोटा. मंग गुडघ्यापास्नं काढला पाय. म्हातारा खाटंवर पडला त्यो उठलाच न्हाई." त्या हळू बोलत होत्या. एवढ्या मोठ्या आवाजाच्या बाईला हळू बोलायला त्रास होत होता. "ह्यो गोळ्या घेतो, न्हाई घेत. पाय दाखव म्हनलं तर दावत न्हाई. लहानपनी मीच न्हाऊ घातलंय ह्याला, आता बूट काढायला लाजतोय. तुमी शिकल्यासवरल्या पोरी. तुमचं आयकंल."

सर परत आले आणि त्यांनी ते शेवटचं ऐकलं असावं. "अक्का, मी रोज केडगावहून कॉलेजात चालत जातो आणि चालत येतो. पायाला काही झालं तर आधी पायच सांगेल की मला."

"बाबाच्या पायानं सांगितलं व्हतं व्हय?"

सरांनी विषय बदलला. परत निघताना अक्का मला फाटकापर्यंत सोडायला आल्या. त्यांनी माझ्यावर काहीतरी सोपवलं होतं आणि मला ते कसं करायचं ते माहीत नव्हतं. मी, शेवगावच्या गादीवाल्याची मुलगी, सरांना सांगणार की तुमचा पाय दाखवा?

माझा प्रकल्प सरांच्या त्याच दोन प्रश्नांवर होता. रक्ताचा थेंब काचेवर उबेत ठेवायचा. नंतर गोठलेलं रक्त हळूच धुऊन टाकायचं. लाल पेशी निघून जातात, पांढऱ्या काचेला चिकटून राहतात. त्यांच्यावर एक पिवळं द्रावण घालायचं. पेशी पेटलेली असेल, म्हणजे तो प्राणवायूचा स्वयंपाक आत चालू असेल, तर त्या पिवळ्याचं तिच्या आत काळंनिळं होतं. स्वस्थ असेल तर ती कोरी राहते. जंतूच्या जागी निरोप म्हणून मी बेकरीतलं यीस्ट उकळून वापरायचे. काही स्लाइडना यीस्ट द्यायचं, काहींना नाही. काहींच्या द्रावणात साखर, काहींच्या नाही. निरोप आहे पण साखर नाही, अशा पेशी किती पेटतात ते बघायचं.

दिवाळीच्या सुट्टीआधी सगळं छान येत होतं. यीस्ट दिलं की बहुतेक पेशी निळ्या, नाही दिलं की दहात एखादी. यीस्ट आहे पण साखर नाही, तिथं निळ्या कमी. पण अगदी शून्य नाही. मी घाबरत ते सरांना दाखवलं तर ते खूश झाले. "कणगीत थोडं धान्य असतंच हो. बाजार बंद म्हणून पहिल्याच दिवशी उपाशी राहतं का कुणी? साठवणीतलं जाळतात." त्या दिवशी ते मला दोनदा 'शेवगाव' म्हणाले आणि दोन्ही वेळा त्यात टोमणा नव्हता.

सुट्टीनंतर बिघडलं. ज्या स्लाइडना यीस्ट दिलंच नव्हतं, त्याही निळ्या यायला लागल्या. आधी थोड्या, मग निम्म्या. म्हणजे माझा कंट्रोलच गेला, ज्याच्याशी तुलना करायची तो कोरा नमुनाच. निरोप न देता पेशी पेटत असतील तर निरोपाचा परिणाम दाखवणार कसा?

"भांडी," सर म्हणाले. "भांड्यांना मेलेल्या जंतूंचे कण चिकटलेले असणार. पेशींना तेवढंही पुरतं. धुवा."

मी धुतली. आम्लात बुडवून धुतली, ऊर्ध्वपातित पाण्यानं धुतली, ओव्हनमध्ये भाजली. लॅबचे मामा मला म्हणाले, "ताई, काच झिजंल आता." मामा म्हणजे आमच्या प्रयोगशाळेचे परिचर. बिडी ओढायचे आणि सगळ्यांची काळजी करायचे. काच झिजली नाही, पण पेशी निळ्याच. सरांनी रंग नवीन मागवला. पाणी बदललं. माझे हात वासावरून तपासले, साबण कुठला वापरता म्हणून विचारलं. शेवटी एक दिवस म्हणाले, "शेवगाव, होत नसेल तर सोडा. संगमनेरसारखं कोंबडीच्या आतड्यातले कृमी मोजा. त्यात कंट्रोल लागत नाही."

मी हॉस्टेलवर जाऊन रडले. संगमनेर दुसऱ्या दिवशी म्हणाला, "ये आमच्यात. कृमी फार गुणी असतात. पळून जात नाहीत."

त्याच आठवड्यात सर विद्यापीठाच्या कामाला पुण्याला गेले. मला स्लाइड तर करायच्या होत्या आणि रक्त नव्हतं. आमच्या विभागात सर नसतील त्या दिवशी रक्ताचं प्रात्यक्षिक होत नसे, इतकं ते ठरलेलं होतं. मी बराच वेळ सुई हातात घेऊन बसले. मग माझंच बोट टोचलं. मामा बघत होते, ते म्हणाले, "माझंबी घ्या की. लई दिस झालं बघतोय, साहेबाचंच घेत्यात."

तीच भांडी, तोच रंग, तेच पाणी. यीस्ट न देता माझ्या पेशी कोऱ्या. मामांच्याही कोऱ्या.

मला आनंद झाला. खरंच झाला, कारण भांडी स्वच्छ होती, हात स्वच्छ होते, चूक माझी नव्हती. तो आनंद थोडा वेळच टिकला. चूक भांड्यांची नाही तर निळं येतंय ते सरांच्या रक्तातूनच. त्यांच्या पेशींना शरीरात कुठूनतरी सारखा निरोप जातोय. आम्ही सगळे भांडी घासत बसलो, कारण आमच्या विभागात नॉर्मल म्हणजे सर. नॉर्मल कसं बिघडेल?

आणि मग अक्कांचं बोलणं आठवलं.

सर आल्यावर सांगायचं कसं, याची मी मनात पुष्कळ वाक्यं केली. एकही वाक्य तोंडातून निघण्यासारखं नव्हतं. म्हणून त्यांनी रक्त दिल्यावर मी माझंही घेतलं आणि खिडकीशी दोन मायक्रोस्कोप लावून ठेवले. त्यांना म्हटलं, "सर, जरा बघता का?"

त्यांनी डावीकडे डोळा लावला. "ही यीस्टची. चांगली पेटलीत." मग उजवीकडे. "आणि ही कंट्रोलची. वा. धुतलीत शेवटी भांडी."

"सर, यीस्ट दोन्हीत नाही."

ते सरळ झाले. "डावी कुणाची?"

"तुमची."

"आणि ही?"

"माझी. मामांचीही अशीच आली, सर. भांडी तीच आहेत."

मामा दारात उभे होते. "माझं एकदम कोरं निघालं साहेब. बिडी वडूनसुदिक."

सर हसले नाहीत. ते पुन्हा डाव्या मायक्रोस्कोपवर वाकले आणि बराच वेळ स्लाइड इकडून तिकडे सरकवत राहिले. मग डोळा न काढता म्हणाले, "यांना निरोप कुणी दिला?" वर्गात विचारायचे तसं ते नव्हतं. आता त्यांना खरंच माहीत नव्हतं.

पुढचा काही वेळ त्यांनी स्वतःला तपासलं. जिभेनं दात चाचपले. मामांना घशात बॅटरी मारायला सांगितली. कान दाबून पाहिले. मामांकडून पाठ बघून घेतली. "पाठ निर्मळ हाय," मामा म्हणाले. सर खुर्चीत बसले आणि म्हणाले, "काहीच दुखत नाही माझं."

"सर, बूट काढा," मी म्हटलं.

माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. सरांनी पाय खुर्चीखाली ओढून घेतले.

"पाय दुखत नाही माझा."

"दुखत नाही म्हणूनच, सर. अक्का म्हणाल्या होत्या…"

मला वाटलं आता ते मला बाहेर जायला सांगतील. ते वाकले आणि उजव्या बुटाची नाडी सोडायला लागले. गाठ घट्ट बसली होती, मामांनी खाली बसून ती सोडवली. बूट निघाला तेव्हा वास आला. मोजा करंगळीच्या बाजूला ओला होऊन चिकटला होता. मामांनी बूट उलटा करून आत हात घातला आणि चटकन बाहेर काढला. बाभळीचा काटा होता. तळातून आरपार आत आलेला, आतलं टोक मोडलेलं. केडगावच्या वाटेवर कधीतरी भरला असणार. सर त्याच्यावरून रोज चालत होते.

"आरं देवा," मामा म्हणाले.

सरांनी खिशातली पेन्सिल काढली आणि करंगळीशेजारच्या काळसर बोटाला टोचली. पुन्हा टोचली. "बघा," ते म्हणाले, अगदी वर्गातल्या आवाजात, "मी इथं टोचतोय आणि मला कळत नाहीये. इथून वर निरोपच जात नाही. नस मेलीय. आणि रक्तात मात्र गावभर बोभाटा झालाय." मग त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. "अक्काला कळवा कुणीतरी."

मामा रिक्षा आणायला धावले. रिक्षात बसताना सर मला म्हणाले, "तो भिंतीवरचा तक्ता उतरवून ठेवा." मामांना वाटलं, साहेबांना ताप चढलाय. ताप होताच.

सर्जन तरुण होते. त्यांनी त्याच दिवशी दोन बोटं काढली. पोटरीवर लाली जिथपर्यंत चढली होती तिथं पेनानं एक रेघ ओढली आणि अक्कांना म्हणाले, "आजी, लाली या रेघेच्या वर गेली तर पाय गुडघ्याखालून काढावा लागेल. जीव वाचवायचा असेल तर. काही दिवस बघू."

अक्का त्या रेघेकडे बघत राहिल्या. त्या दिवसापासून त्या दवाखान्यातून हलल्या नाहीत.

सर शुद्धीवर आले तेव्हा त्यांनी पहिली गोष्ट मागितली ती काढलेली बोटं. स्लाइड करायला. सर्जन म्हणाले, देता येणार नाहीत. अक्का म्हणाल्या, "गेलेल्या बोटाचं काय लोनचं घालतो का आता?" खोलीतले सगळे हसले, अक्का सोडून.

दुसरी गोष्ट त्यांनी मागितली ती मी. म्हणजे माझा मायक्रोस्कोप. मामांनी विभागातला जुना मायक्रोस्कोप टॉवेलात गुंडाळून सायकलवरून आणला. रोज सकाळी मी सरांच्या बोटातून थेंब घ्यायचा आणि किती पेशी पेटलेल्या आहेत ते त्यांना सांगायचं. सर्जन म्हणाले, "सर, आमची लॅब रोज पेशी मोजते ना."

"तुम्ही पाहुणे किती आले ते मोजता, डॉक्टर. चूल अजून पेटलेली आहे का, ते मला बघायचंय."

सर्जननी खांदे उडवले. पण अडवलं नाही.

पहिल्याच दिवशी सर डबी काखेत धरायला गेले आणि थांबले. "नाही चालणार. इनक्युबेटर तापलाय. तुम्ही धरा." म्हणून मग ती डबी मी माझ्या काखेत धरायला लागले. ओढणीखाली डावा हात आवळून दवाखान्याच्या व्हरांड्यात येरझाऱ्या घालायचे. अक्का बाकावरून माझ्याकडे बघत. त्यांना या सगळ्याचं फक्त एवढंच कळलं होतं की निळं वाईट आणि कोरं चांगलं.

निळं कमी होईना. ताप उतरला, लाली रेघेपाशी थांबली, सर्जन म्हणाले सुधारणा आहे. माझ्या काचेवर मात्र कालच्याइतक्याच पेशी निळ्या. सरांनी डोळे मिटूनच विचारलं, "किती?" त्यांचा चेहरा इतका ओढलेला होता की आकडा थोडा कमी करून सांगावा असं फार वाटलं. कुणाला कळलं असतं?

"कालच्याइतक्याच, सर."

"हं." मग म्हणाले, "म्हणजे कुठेतरी अजून निरोप देणारा बसलाय. डॉक्टरांना बोलवा."

सर्जनना ते पटलं नाही. तरी त्यांनी पट्टी सोडून जखम पुन्हा चाचपली. तळव्याच्या आत, वरून न दिसणारा, पुवाचा एक कप्पा निघाला. पुन्हा ऑपरेशन झालं. अक्का ऑपरेशन थिएटरच्या दाराशी उभ्या राहिल्या. मी त्यांना बसा म्हटलं तर म्हणाल्या, "बाबाच्या येळंला मी बसले हुते." आणि उभ्याच राहिल्या.

त्यानंतर आकडा उतरायला लागला. आधी अगदी थोडा, मग बराच. मी दर वेळी दोनदा मोजायचे. शेवटी एका सकाळी मी स्लाइडच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत गेले आणि माझा विश्वास बसेना. सरांना सांगितलं तर त्यांनी बोट पुढे केलं. "पुन्हा घ्या." मी पुन्हा घेतलं. पुन्हा काखेत धरून येरझाऱ्या. तेच आलं. मग त्यांनी उठवून बसवायला सांगितलं आणि मायक्रोस्कोप मांडीवर घेतला. खिडकीचा उजेड आरशात धरायला त्यांना वेळ लागला. बराच वेळ ते बघत होते. डोळा काढला तेव्हा तो ओला होता, पण मायक्रोस्कोपवर फार वेळ डोळा लावला की पाणी येतंच.

"अक्काला सांगा जाऊन," ते म्हणाले. "डॉक्टरांनी सांगितलेलं तिला पटत नाही."

अक्का जिन्याच्या पायरीवर बसल्या होत्या. मला बघून उठल्या नाहीत.

"निळं हाय का गं?"

"नाही अक्का. कोऱ्या आहेत. एखादी सोडून."

"एखादी कशापायी?"

"तेवढी असतेच. सगळ्यांचीच असते. माझीपण."

त्यांनी माझ्या तोंडाकडे नीट बघितलं. मी खरं सांगतेय की समजूत घालतेय ते बघत असाव्यात.

"मंग पाय ऱ्हातो म्हन."

"राहतो अक्का."

त्या रडल्या नाहीत. पदर खोचला, कठड्याला धरून उठल्या, चपला पायात सरकवल्या. "मी केडगावला जाऊन येते," त्या म्हणाल्या, आणि आता त्यांचा आवाज पुन्हा जिनाभर घुमला. "कोंबड्या शेजारनीच्या जिवावर टाकल्यात. तिनं समदी अंडी खाल्ली आसतील."